आघाडीवरचे पत्र किती हातांतून जात असे: पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचा टपालव्यवहार

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या भारतीय शिपायाचे पत्र आज छापील स्वरूपात आपल्यासमोर येते, तेव्हा ते त्याने एकांतात बसून, मन मोकळे करण्यासाठी घरच्यांना लिहिले असावे, असे आपण न सांगताच धरून चालतो. हा समज अर्धाच बरोबर आहे. मन त्याचे होते, दुःखही त्याचे होते. पण अक्षर बहुधा दुसऱ्याचे होते, मजकूर वाटेत आणखी दोघांनी तरी वाचला होता, गावात तो तिसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला होता, आणि आज आपल्या हाती जे उरले आहे ते मूळ पत्र नसून त्याच्या एका तुकड्याचे इंग्रजी भाषांतर आहे. ही साखळी नीट समजून घेतली, तरच त्या पत्रांतील बोललेले आणि न बोललेले आपल्याला ऐकू येते. म्हणून ती एकेका कडीने उलगडून पाहू.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि सप्टेंबरअखेर लाहोर आणि मेरठ या दोन भारतीय डिव्हिजनांचे सैनिक मार्सेय बंदरात उतरू लागले. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच त्यांना बेल्जियममधील ईप्र आणि उत्तर फ्रान्समधील खंदकांत उतरवण्यात आले. अंगावर उन्हाळी कपडे, समोर युरोपचा हिवाळा, आणि ज्या तोफखान्याची त्यांना कल्पनाही नव्हती तो रात्रंदिवस डोक्यावर. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल या गावावर झालेल्या हल्ल्यात ४७व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे खंदक-सुरुंगांची कामे करणाऱ्या दलाच्या, २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या आणि त्यांची फार मोठी हानी झाली. पुढे मार्च १९१५ मध्ये नव्ह शापेलची मोठी लढाई, एप्रिलमध्ये ईप्रचा विषारी वायू, सप्टेंबरमध्ये लूसची लढाई असे एकेक प्रसंग येत गेले. १९१५ च्या अखेरीस पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, नेण्यात आले. घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तेथेच राहिले. लढणारे आणि मजूर, नोकर-चाकर धरून जवळजवळ एक लाख चाळीस हजार भारतीय माणसे या पश्चिम आघाडीवर जाऊन आली.

या माणसांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होते, आणि सैन्यभरती तर मुद्दाम शेतकरी घरांतून, शाळेपासून दूर असलेल्या गावांतून केली जात असे. तेव्हा पत्र लिहायचे म्हणजे पलटणीतल्या किंवा रुग्णालयातल्या लिहिता येणाऱ्या सोबत्यापुढे जाऊन बसायचे आणि त्याला मजकूर सांगायचा. हा लिहिणारा माणूस आपल्या वळणाने मायना घाली, क्षेमकुशलाची ठरलेली वाक्ये लिही, एखादी म्हण किंवा शेराची ओळ आपल्या पदरची जोडी. त्यामुळे अनेक पत्रांची सुरुवात आणि शेवट एकसारखे वाटतात. तेवढ्यावरून ती माणसे कोरडी होती असे समजणे चुकीचे ठरेल. ठरलेल्या मायन्याच्या आत, मध्येच कुठेतरी, अचानक एखादे वाक्य असे येते की जे कोणत्याही लेखनिकाला सुचणार नाही: म्हशीला वासरू झाले का, धाकट्याचे लग्न कोणाशी ठरवले, सावकाराने उंबरठ्यावर पाऊल ठेवले का. ते वाक्य त्या तरुणाचे असते.

दुसऱ्या टोकालाही अशीच व्यवस्था होती. घरी आईला किंवा बायकोला वाचता येत नसे, म्हणून पत्र शाळामास्तर, पोस्टमन किंवा गावातला कोणी जाणकार वाचून दाखवी, आणि ऐकायला शेजारीपाजारी जमत. नवऱ्याने बायकोला एकटीसाठी म्हणून काही लिहावे, ही सोय त्या टपालात जवळजवळ नव्हतीच. बायकोची उत्तरेही दुसऱ्याच्या हातची. तरीही पैसे पोहोचले नाहीत, सासरी जाच होतो, तुम्ही वर्षभर का लिहिले नाही, अशा तक्रारी त्या उत्तरांत येतात. चार माणसांसमोर सांगून लिहवून घेतलेल्या त्या ओळींमागे किती बळ गोळा करावे लागले असेल, याचा विचार वाचणाऱ्याने जरूर करावा.

आता सेन्सॉरकडे येऊ. भारतीय सैनिकांच्या टपालावर देखरेख सुरू झाली ती सैनिक काय लिहितात या कुतूहलापोटी नव्हे. सरकारला भीती होती बाहेरून आत येणाऱ्या कागदांची. अमेरिकेतील गदर पक्ष आणि युरोपातील क्रांतिकारक मंडळी यांची पत्रके खंदकांपर्यंत पोहोचतील आणि सैन्य बिथरेल, असे वरिष्ठांना वाटत होते. म्हणून १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये भारतीय टपालासाठी वेगळी सेन्सॉर कचेरी उभी राहिली. ई. बी. हॉवेल या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या, तिथल्या भाषा जाणणाऱ्या अधिकाऱ्याकडे तिची सूत्रे आली. कचेरी प्रथम रूआँ येथे आणि नंतर बुलोन येथे होती. लवकरच लक्षात आले की आत येणाऱ्या पत्रकांपेक्षा बाहेर जाणारी पत्रेच सरकारला अधिक काही सांगतात. सैन्याच्या मनात काय चालले आहे हे ज्या अधिकाऱ्यांना रोज समोर उभे राहूनही कळत नव्हते, ते त्यांच्या पत्रांतून कळू लागले.

देखरेखीचे टप्पे दोन होते. पहिला पलटणीत: तिथला इंग्रज अधिकारी पत्रे पाहून पुढे पाठवी. जागेचे नाव, पलटणीच्या हालचाली, मेलेल्यांचे आकडे असे काही असेल तर त्याने काट मारावी, ही अपेक्षा. पण भाषा जाणणारे जुने अधिकारी पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या संख्येने मारले गेले होते आणि जे उरले त्यांना लढाईतून वेळ नव्हता. त्यामुळे ही चाळणी बरीच सैल होती. दुसरा टप्पा म्हणजे हॉवेलची कचेरी. १९१५ च्या मार्चपर्यंत फ्रान्समधील भारतीय आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते, आणि ती तपासणारे लोक मूठभर. सगळी पत्रे वाचणे अशक्यच होते. उर्दू, पंजाबी, हिंदी, पश्तो आणि थोड्या प्रमाणात मराठी अशा वेगवेगळ्या भाषांतील पत्रांच्या ढिगातून काही काढायची, वाचायची, त्यातला अर्थपूर्ण भाग इंग्रजीत उतरवायचा आणि पत्र पुन्हा लखोट्यात घालून टपालात सोडायचे, असा क्रम होता. दर आठवड्याला अशा सुमारे शंभर उताऱ्यांचा अहवाल तयार होई. तो लंडनच्या इंडिया ऑफिसला, युद्धखात्याला, परराष्ट्रखात्याला आणि राजवाड्यातही जात असे. पुण्या-साताऱ्याकडच्या एखाद्या शिपायाने भावाला जमिनीच्या दाव्याबद्दल लिहिलेले चार शब्द या वाटेने थेट पंचम जॉर्जच्या टेबलापर्यंत पोहोचू शकत होते, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सेन्सॉर म्हटले की पत्रे अडवणारा, फाडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. या कचेरीने प्रत्यक्षात फारच थोडी पत्रे अडवली. हॉवेलचे धोरण असे की पत्रे रोखली तर माणसे लिहिणे सोडतील किंवा जास्त सावध होतील, आणि मग कानच बंद होतील. हे धोरण उदार वाटते, परंतु त्याचा हेतू ऐकत राहण्याचा होता. ज्या थोड्या गोष्टींबाबत कचेरी कठोर होती, त्यांत घरच्यांना भरती होऊ नका असे सांगणारा मजकूर होता, आणि गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या ओळखीचे वर्णनही होते. साम्राज्याची प्रतिष्ठा या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे, अशी अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती.

हॉवेलच्या अहवालांतील एक निरीक्षण मला विशेष महत्त्वाचे वाटते. १९१५ च्या सुरुवातीला त्याने नोंदवले की सैनिक पत्रांत कविता करू लागले आहेत, आणि हे मनाच्या अस्वस्थतेचे चिन्ह मानावे लागेल. लष्करी अहवालात कवितेला धोक्याची सूचना म्हणून स्थान मिळाल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. पण त्याचे निदान चुकीचे नव्हते. जे सरळ लिहिले असता काट बसेल ते उपमेत घातले की सुटून जाते, हे शेतकऱ्यांच्या पोरांना लवकर कळले होते. जानेवारी १९१५ मध्ये इंग्लंडमधील रुग्णालयातून एका जखमी राजपूत शिपायाने लिहिले की हे युद्ध नाही, हा जगाचा अंत आहे, आणि आपल्या पूर्वजांचे जे युद्ध महाभारतात सांगितले आहे तसेच हे आहे. यात ना गावाचे नाव, ना पलटणीचे, ना मृतांचा आकडा. नियमाप्रमाणे काटण्यासारखे काहीच नाही. पण रामायण-महाभारताच्या कथा ऐकत वाढलेल्या घराला कुरुक्षेत्राचा उल्लेख पुरेसा होता. अठरा अक्षौहिणींमधून किती उरले, हे त्या घराला वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

उपमेच्या पुढची पायरी सांकेतिक भाषेची. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मिरीचे आणि मिरचीचे आहे. १९१५ च्या वसंतात इंग्लंडमधील ब्रायटनच्या रुग्णालयातून गेलेल्या एका पत्रात लिहिले होते की काळी मिरी संपली आहे, आता लाल मिरची वापरात आहे, पण अधूनमधून काळी मिरीही कामी येते. आणि वाचणाऱ्याने हे आपल्या शहाणपणाने समजून घ्यावे. काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे सैनिक, हे सेन्सॉरनेही ओळखले आणि अहवालात टिपून ठेवले. विचार करून समजून घे, असे पत्रात सांगावे लागत होते, यावरूनच हे संकेत घरातून निघताना ठरलेले नव्हते, तर तिथल्या तिथे रचलेले होते, हे दिसते.

काही पत्रांत घरून वस्तू मागवल्या जात. त्यांतली एक मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल: बिब्बा. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की उतते, फोड येतात, सूज चढते. त्याचा उपयोग आजारी दिसण्यासाठी आणि खंदकातून सुटण्यासाठी होई. अधिकाऱ्यांनी यावरून भारतीय सैनिक स्वतःला जखमा करून घेतात असा मोठा संशय धरला होता. ब्रायटनच्या किचनर रुग्णालयाचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याने त्यासाठी एक हजार जखमांची तपासणी करून अहवाल लिहिला आणि हा संशय निराधार असल्याचा निष्कर्ष काढला. तेव्हा बिब्बा मागवणारी पत्रे होती हे जितके खरे, तितकेच त्यांवरून सगळ्या सैन्याबद्दल ठरवलेले मत खोटे होते. सेन्सॉरच्या निवडीतला धोका इथेच कळतो: वीस हजारांतून शंभर उतारे काढणारा माणूस बहुधा वेगळे, खटकणारे, काळजी वाढवणारे तेच आधी उचलतो. आज आपण वाचतो ती त्याने उचललेली पत्रे आहेत.

तो सीटन आणि ते रुग्णालय यांची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे, कारण पत्रांतली एक मोठी कटुता तिथूनच उगवते. ब्रायटनमधील राजवाड्यात, म्हणजे रॉयल पॅव्हिलियनमध्ये, भारतीय जखमींसाठी रुग्णालय होते. तिथे निरनिराळ्या धर्मांसाठी आणि जातींसाठी वेगळी स्वयंपाकघरे होती, पाण्याचे नळ वेगळे होते, आणि तिथल्या झुंबरांची, गालिच्यांची छायाचित्रे हिंदुस्थानात मुद्दाम वाटली गेली. राजवाड्यातल्या पत्रांत हे जणू स्वर्गात आलो असे कौतुक भरपूर सापडते. त्याच गावातल्या किचनर रुग्णालयाभोवती मात्र काटेरी तारांचे कुंपण होते आणि बरे होत आलेल्यांना व कर्मचाऱ्यांनाही गावात जाण्यास कडक बंदी होती. तिथून गेलेल्या पत्रांत तुरुंगाचा उल्लेख येतो. १९१५ मध्ये याच बंदीला कंटाळून गोडबोले नावाच्या एका सब-असिस्टंट सर्जनने सीटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. एकाच शहरातून, एकाच महिन्यात निघालेली दोन पत्रे एवढी भिन्न का, हे पत्त्यावरची इमारत पाहिल्याशिवाय समजणार नाही.

यापेक्षाही तीव्र तक्रार होती ती बऱ्या झालेल्यांना परत खंदकात पाठवण्याची. एकदा जखम घेतली म्हणजे आपले देणे फिटले आणि आता घरी जायचे, अशी सैनिकांची समजूत होती, आणि ती न्यायाची समजूत होती. पुन्हा पाठवणी होते हे कळल्यावर १९१५ च्या पहिल्या अर्ध्या वर्षातल्या पत्रांचा सूर बदलतो. भावाला सैन्यात पाठवू नका, असे सांगणारी पत्रे याच काळात वाढली. वर्षाअखेर पायदळ फ्रान्समधून काढण्यामागे मेसोपोटेमियातील गरज, दुसरा हिवाळा आणि अधिकाऱ्यांची तूट अशी अनेक कारणे होती, पण पत्रांतून उमटलेले सैन्याचे मनही निर्णय घेणाऱ्यांसमोर होते.

घोडदळाची नंतरच्या काळातली पत्रे वेगळी आहेत. हे लोक महिनोन्महिने फ्रेंच गावांत, शेतकऱ्यांच्या घरांत मुक्कामाला असत. ज्या म्हाताऱ्या बाईच्या घरी राहिलो तिने आईसारखे जपले, तिचे स्वतःचे मुलगे लढाईत आहेत, बायका नांगर धरतात, दुकान चालवतात, हिशोब ठेवतात, असे ते लिहितात. आणि त्यापाठोपाठ आपल्या मुलींना शाळेत घाला असा आग्रह धरतात. साम्राज्याने त्यांना नेले होते मरण्यासाठी. तिथून त्यांनी घरी मुलींच्या शिक्षणाची निकड पाठवली, आणि या पत्रव्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग मी यालाच समजतो.

महाराष्ट्राचा संबंध फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियाशी अधिक आहे. मराठा पलटणी मुख्यतः तिकडेच गेल्या. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. बाहेरच्या जगाशी संबंध उरला होता तो मुख्यतः बिनतारी संदेशांचा. घोड्याचे मांस खाण्यास भारतीय शिपाई तयार नव्हते, तेव्हा खाण्यास हरकत नाही असे हिंदुस्थानातील धर्मगुरूंचे संदेशही बिनतारी यंत्रानेच मागवावे लागले. घरचे पत्र मात्र त्या यंत्रातून येऊ शकत नव्हते. शरणागतीनंतर हजारो भारतीय सैनिक तुर्कांचे कैदी झाले आणि त्यांच्या घरच्यांना बराच काळ जिवंत की मृत हेही कळले नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांची नोंद आहे. एका गावातल्या ४६ घरांनी पोस्टमनची वाट पाहिली असेल, तर त्या पत्रांचे काय झाले, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

सेन्सॉरच्या कचेरीतून गेलेल्या पत्रांबद्दल तरी त्याचे उत्तर ठाऊक आहे. मूळ कागद लखोट्यात घालून पुढे गेले आणि गावोगावी विखुरले. राहिले ते टंकलिखित इंग्रजी उतारे, जे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. म्हणजे एखाद्या मराठी शिपायाचे पत्र त्या अहवालात असले, तरी त्याचे मराठी शब्द तिथे नाहीत. त्याउलट, बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी भारतीय कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ११ डिसेंबर १९१६ रोजी एका शीख कैद्याने यंत्रापुढे उभे राहून, हिंदुस्थानात लोणी खाणारा माणूस होता तो इकडे येऊन पडला, अशा अर्थाचे जे सांगितले ते त्याच्याच भाषेत, त्याच्याच आवाजात आजही ऐकता येते. तेही शत्रूच्या प्रयोगासाठी घेतलेले होते, मोकळे बोलणे नव्हेच. परंतु त्याच्या शब्दांवर कोणी दुसरे शब्द चढवले नाहीत.

म्हणून मूळ कागदांचा शोध घरांतच घ्यावा लागेल. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांत ज्यांच्या पणजोबांनी पलटणीत नोकरी केली, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत असे कागद असण्याची शक्यता आहे, आणि ते वाचता येत नाहीत म्हणून टाकून दिले जाण्याची शक्यता त्याहून मोठी आहे, कारण त्या काळी घरगुती मराठी पत्रे मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीत लिहिली जात. मोडी वाचणारे लोक आजही आहेत. पुण्यात आणि इतरत्र मोडीचे वर्ग चालतात, तिथे अशी पत्रे दाखवता येतात. पत्राइतकाच लखोटाही सांभाळावा. त्यावर आय. ई. एफ. अशी अक्षरे छापलेले हिंदुस्थानचे तिकीट असेल तर ते परदेशी पाठवलेल्या भारतीय सैन्यासाठीचे आहे. शिक्क्यातील फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे सैन्याबरोबरच्या टपालघराच्या, क्रमांकावरून पलटण कोणत्या आघाडीवर होती याचा माग काढता येतो, आणि सेन्सॉरचा शिक्का असेल तर ते पत्र घरी पोहोचण्यापूर्वी तपासणीतून गेले होते हे नक्की होते. कागदाला प्लास्टिक चढवू नये, चिकटपट्टी लावू नये. आधी दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढावीत आणि मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला लिहिणाऱ्याचे नाव, नाते आणि पलटण विचारून तारखेसह वहीत टिपून ठेवावे.